हयात माणसांचे काळे-पांढरे फोटो

"हिराबाई कशानं गेल्या हो?"

सकाळी दात घासता घासता फोन उचलला, तर समोरून हा प्रश्न. फोन करणारे गृहस्थ फुलबाजारातले आडते. दसरा-दिवाळीचे बोर्ड ते माझ्याकडूनच छापून घेतात.

"कोण हिराबाई?"

"अहो, मखमलाबादच्या. झेंडूवाल्या. गंगापूर रोडला मैदानावर त्यांचा केवढा मोठा फोटो लागलाय. काल तुमचीच माणसं फिटिंग करत होती, मी स्वतः पाहिलं. परवा तर चांगल्या होत्या बिचाऱ्या. दहावा कधी आहे?"

माझ्या तोंडात पेस्ट तशीच राहिली. हिराबाईंना मी आदल्याच आठवड्यात भेटले होते. माझ्या युनिटमध्ये बसून त्यांनी दोन कप चहा प्यायला होता आणि चहात साखर कमी आहे म्हणून मला सुनावलंही होतं.

"दादा, हिराबाई ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

"मग त्यांचा फोटो का लावलाय?"

"बघून येते," म्हणत मी फोन ठेवला.

माझं सातपूरला डिजिटल प्रिंटिंगचं युनिट आहे. साध्या भाषेत सांगायचं तर मी फ्लेक्सवाली. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नव्या दुकानाचं उद्घाटन, निवडून आल्याबद्दल अभिनंदन, हे सगळं माझ्या मशीनमधून बाहेर पडतं. वीस-पंचवीस वर्षं झाली. नवरा आधी बघायचा, आता मी बघते. मी तोंडाने फटकळ आहे हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे, तरी येतात. कारण माझा रंग पहिल्या उन्हात उडत नाही.

हे काम मात्र वेगळं होतं. शहरातला एक ट्रस्ट किडनीच्या पेशंटना मदत करतो. किडनी बदलली म्हणजे सुटलो, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. त्यानंतर जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या महाग असतात. गरीब पेशंटच्या गोळ्यांचा खर्च हा ट्रस्ट उचलतो. ट्रस्टच्या प्रमुख डॉक्टर कुमुद. आयुष्यभर किडनीचेच पेशंट बघितलेल्या, आता साठीच्या पुढच्या. त्यांचं म्हणणं असं, की पैशापेक्षा मोठी अडचण भीतीची आहे. घरातलं कोणी किडनी द्यायला तयार झालं, की बाकीचे घाबरवून त्याला मागे ओढतात. म्हणून ज्यांनी किडनी दिली आणि जे आज धडधाकट आहेत, अशा माणसांचे फोटो लोकांना दाखवायचे. लोक येतील, बघतील, भीती कमी होईल, मदतही जमेल.

फोटो काढले ईशानने. हा तिशीतला मुलगा, कॉलेज रोडला राहतो, बाहेरगावच्या मोठ्या गॅलरीत त्याचे फोटो लागलेले. गुणी आहे, यात वाद नाही. त्याने नुसतं प्रदर्शन मांडलं नाही, इन्स्टॉलेशन केलं. म्हणजे फोटो भिंतीला टांगायचे नाहीत. मैदानात लोखंडी पाइपच्या चौकटी उभ्या करायच्या, त्यावर दीड पुरुष उंचीचे कापडी फोटो ताणायचे, आणि माणसाने त्यांच्यामधून गोल गोल चालत आतपर्यंत जायचं. मधोमध एकच पाटी. तिथे सगळी माहिती. तोवर एक अक्षर नाही.

"आधी चेहरा बघा. मग वाचा," तो म्हणाला होता.

फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट. कापडावर छापले, म्हणजे वारा आरपार जातो आणि फोटो फुगून फाटत नाही. मी जीव ओतून छापले. काळ्यात निळी झाक येऊ नये म्हणून तीन वेळा नमुने काढले. हिराबाईंच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती अशी उठली होती की माझ्या डिझायनरने मशीन थांबवून मोबाईलवर फोटो काढला. गॉगल घातलेल्या दादा-भाऊंचे चेहरे छापून छापून आमचे डोळे विटले होते. एवढं सुंदर काम हातून झालं म्हणून मी घरी जाऊन नवऱ्यापाशी बढाई मारली होती.

आणि आता सकाळी सकाळी हे.

मी तोंड धुतलं आणि थेट मैदान गाठलं. रस्त्याच्या कुंपणापाशी आल्यावर गाडीतूनच मला सगळा घोळ दिसला. मी कपाळावर हात मारला.

आमच्या धंद्यात रंगावरून बातमी कळते. भगवा-पिवळा असेल तर वाढदिवस. गुलाबी असेल तर लग्न नाहीतर बारसं. आणि काळा-पांढरा असेल तर माणूस गेला. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे. घरात कोणी वारलं की लोक माझ्याकडे येतात, लग्नातला रंगीत फोटो देतात आणि म्हणतात, "ताई, हा काळा करून टाका." चौकात लागलेला काळा-पांढरा चेहरा लांबून दिसला की गाडीवरचा माणूस स्पीड कमी करतो आणि कोण गेलं ते वाचतो.

इथे वाचायलाही काही नव्हतं. रस्त्याकडे तोंड केलेला पहिलाच फोटो हिराबाईंचा. एकही अक्षर नाही. संध्याकाळी उद्घाटन, म्हणून मंडपवाल्याने त्याच्यापुढे टेबल मांडून भलीमोठी समई ठेवली होती. बाजूला फुलांची परडी. आणि कोणा भल्या माणसाने, बहुतेक त्या मंडपवाल्यानेच, सवयीने फोटोला हार घातला होता. मागे ओळीने बाकीचे काळे-पांढरे चेहरे. एखादा मोठा अपघात होऊन सगळे एकदम गेले असावेत, असंच कोणालाही वाटलं असतं.

ईशान तिथेच फोनवर बोलत उभा होता. डॉक्टरबाई खुर्चीत डोकं धरून बसल्या होत्या.

"वंदनाताई, हे बघा," त्यांनी मोबाईल पुढे केला. कोणीतरी कुंपणाबाहेरून फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला होता. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तो फोटो पहाटेपासून नाशकात फिरत होता.

"सगळ्या दात्यांचे फोन येतायत. कोणाच्या घरी नातेवाईक रडत आले. तुम्ही इतकी वर्षं हेच छापता. तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

"मशीनवर मी शाई बघते हो, डॉक्टर. आणि तुम्ही दोघांनी प्रूफ पास केलं तेव्हा तुमच्या तरी कुठे लक्षात आलं?"

मी ईशानकडे वळले.

"रंगीत फाइल आहेत ना तुझ्याकडे? दे. संध्याकाळपर्यंत निदान रस्त्याकडचे दोन-तीन तरी बदलते."

"नाही मॅडम. रंगात ते कुठलेही फोटो होतील. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एक डिग्निटी असते."

"असेल. आमच्या नाशकात त्यात मयत असतो."

"मग लोकांना बघायला शिकवायला नको का?"

"शिकव ना बाबा! पण आधी हिराबाईंच्या घरी जमलेल्या बायकांना शिकवून ये."

तो रंगीत फाइल काढायला तयार होईना. "बरं, मग फोटोवर तिरकी पट्टी मारते," मी म्हटलं. "लाल रंगात. 'हे हयात आहेत.' तासाभरात होईल."

"माझ्या फोटोवर पट्टी? मी सगळं उतरवून घरी घेऊन जाईन!"

माझाही पारा चढला. "जा घेऊन! पाइप माझ्या फिटरने ठोकलेत, तेवढे सोडून जा," असं मी म्हणणार, तेवढ्यात डॉक्टरबाईंचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला आणि त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. "थांबा, थांबा, मी येते, कुठे जाऊ नका," एवढंच त्या म्हणत होत्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

नामपूरची कविता नावाची एक सून. तिचा धाकटा भाऊ सागर डायलिसिसवर होता. डायलिसिस म्हणजे मशीनने रक्त धुणं. दर दोन-तीन दिवसांनी त्याला तिथे पडून राहावं लागायचं. पोरगा पार झडून गेला होता. वडील नाहीत, आईला शुगर, म्हणजे तिची किडनी चालणार नाही. कविताची जुळली. तिने हो म्हटलं. आणि नेमकी या उद्घाटनाच्याच दिवशी दुपारी तिची हॉस्पिटलात मुलाखत होती. किडनी देणारा आपल्या खुशीने देतोय ना, कोणाचा दबाव नाही ना, हे तिथे विचारतात. लग्न झालेली बाई असेल तर नवऱ्यालाही समोर बसवतात. नवरा भूषण तयार होता, पण आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि आई, म्हणजे कविताची सासू द्वारकाबाई, कशीबशी कबूल झाली होती. तिची भीती जावी म्हणून डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं, 'हॉस्पिटलला येता येता आमचे फोटो बघून या.'

ते नामपूरहून अंधारातच निघाले. मैदान बंद होतं, म्हणून कुंपणाबाहेरूनच फोटो बघितले. समई बघितली. हार बघितला.

"आता ती बाई हॉस्पिटलच्या दारात बसलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणते, किडनी देणारे सगळे मेले, मी डोळ्यांनी बघून आले. सुनेला घेऊन घरी चालले. आज हे मागे फिरले तर सागरची फाइल बंद. त्याला दुसरं कोणीही नाही."

ईशान मटकन खाली बसला. "मॅडम, पट्टी मारा," तो म्हणाला. "काय लिहायचं ते लिहा. माझं काही म्हणणं नाही."

मला त्याची दया आली. पण मी नाहीच म्हटलं.

"पट्टीने काय होणार? छापलेलं बघूनच ती घाबरलीय. आता मी अजून काहीतरी छापून तिच्यापुढे नाचवू? तिला माणूस दाखवायला हवा."

मी हिराबाईंना फोन लावला. त्या उचलेनात. लावत राहिले. मग एक पिकअप धुरळा उडवत मैदानात शिरली आणि झेंडूच्या क्रेटांमागून हिराबाई उतरल्या. पदर खोचलेला, चेहरा लालबुंद.

"कुठं हाय तो फोटोवाला? आणि ती फ्लेक्सवाली?"

"इथेच आहे," मी पुढे झाले.

"मला काय धाड भरलीय का गं? मी बाजारात माल उतरवती आन् लोकं मला बघून दचकत्यात! माझा जावई पिंपळगावहून रडत निघालाय. माझी ननंद तर गळाच काढून बसली. जिवंतपणी हार घातला व्हय मला?"

तरातरा जाऊन त्यांनी आपल्याच फोटोवरचा हार ओढून काढला. हातात धरून चोळून बघितला. आणि अजूनच भडकल्या.

"आन् हार बी शिळ्या फुलांचा! परवाचा माल हाय ह्यो. घालायचाच होता तर चांगला तरी घालायचा!"

त्या प्रसंगातही मला हसू फुटलं. हिराबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि मग त्याही हसल्या. ती वेळ साधून मी त्यांना कविताचं सगळं सांगितलं. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी आपल्या मोठ्या पोराला किडनी दिलेली. त्यालाही असंच डायलिसिसच्या सुया लावून पडलेलं त्यांनी बघितलं होतं.

"बोलवा त्या बाईला," त्या म्हणाल्या. "माल जाऊ द्या उशिरा."

डॉक्टरबाई स्वतः गाडी घेऊन हॉस्पिटलला गेल्या. काय सांगून त्यांनी द्वारकाबाईंना गाडीत बसवलं माहीत नाही, पण आणलं. बाई उंच, सडसडीत, कपाळावर मोठं कुंकू. मागे मान खाली घातलेला भूषण. त्याच्या मागे कविता. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. डोळे रडून सुजलेले.

द्वारकाबाई कुंपणाच्या आत यायलाच तयार नव्हत्या. बागलाणकडची त्यांची बोली, मराठीत अहिराणी मिसळलेली. "ह्या समदा मरेल शेतस," हे सगळे मेलेले आहेत, एवढंच त्या म्हणत होत्या. "माले शिकाडू नका. मी देखेल शे."

हिराबाई फोटोखाली जाऊन उभ्या राहिल्या. "मी हाय ना ही. बघा की नीट."

द्वारकाबाईंनी एकदा वर बघितलं, एकदा खाली. "बहीण असेल तिची."

"बहीण? मला बहीणच नाय!" हिराबाईंनी आजूबाजूच्या पुरुषांना पाठ करायला सांगितलं, कमरेपासून पदर बाजूला केला आणि ऑपरेशनचा व्रण दाखवला. लांबलचक, आता पांढरा पडलेला. "लावा हात."

द्वारकाबाईंनी हात लावला नाही. पण पुढे आल्या. वाकून बघितलं.

"लई दुख्यं?"

"लय दुखलं. खोटं कशाला सांगू? खोकला आला तरी जीव जायचा. दोन-तीन महिने मला वाकून काम व्हईना. घरच्यांनी माझं समदं केलं. तुमच्या सुनंचं बी तुम्हाला करावं लागंल. पण आता बघा."

आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी पिकअपमधला झेंडूचा भरला क्रेट उचलून खांद्यावर घेतला.

"हिराबाई, ठेवा खाली!" डॉक्टरबाई ओरडल्या. "एवढं उचलायला कोणी सांगितलंय?"

"बघा, ह्या अशाच वरडत्यात मला," हिराबाई म्हणाल्या. "मेलेल्या बाईला कोण वरडतं का?"

द्वारकाबाईंच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. पण त्या मानल्या नाहीत. मागच्या चौकटींकडे हात करून म्हणाल्या, "ही एक जित्ती शे. बाकीना?"

आता बाकीचे कुठून आणायचे? कोणी ओझरला, कोणी सिन्नरला, कोणी नांदगावला. मुलाखतीची वेळ दुपारची. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने भांडणाचा आवाज आला.

भांडायला लोक आले होते. आमच्याशीच. सकाळपासून ज्यांच्या ज्यांच्या घरी रडारड झाली होती, ते एकेक जण ट्रस्टला जाब विचारायला मैदानावर येऊन धडकत होते. पहिले ओझरच्या विमान कारखान्यातले एक गृहस्थ. अर्धी सुट्टी टाकून युनिफॉर्मवरच आले होते. कारखान्याच्या गेटवरच्या सिक्युरिटीने त्यांना भूत समजून हात जोडले होते म्हणे. "काय चाललंय काय हे?" त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि डॉक्टरबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना त्यांच्या फोटोखाली नेऊन उभं केलं.

"इथे उभं राहून काय ओरडायचं ते ओरडा," त्या म्हणाल्या.

ते बिचारे गोंधळले. मग समोर उभ्या नामपूरच्या बाईकडे त्यांचं लक्ष गेलं. काय चाललंय ते मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी रागाने उगारलेला हात खाली घेतला आणि शर्टाचं बटण नीट लावलं. "मावशी, मी बायकोला दिली किडनी. ती घरी आहे, माझ्या नावाने रडणाऱ्या पाहुण्यांना चहा करतेय."

मग सिन्नरची एक बाई मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. मग देवळालीचे दोघे भाऊ, एकाने दुसऱ्याला दिलेली, दोघेही सारखेच संतापलेले. प्रत्येक जण शिव्या देत आत यायचा आणि आपल्या फोटोखाली जाऊन उभा राहायचा. द्वारकाबाई चौकटी-चौकटींमधून फिरत होत्या. वर बघायचं, खाली बघायचं, मग पुढे. एका तरुण मुलीच्या गालाला त्यांनी हात लावून बघितला. त्या मुलीनेही लावू दिला. ईशानने ज्या वाटेने माणसांना चालवायचं ठरवलं होतं, त्याच वाटेने ती बाई चालत होती, पण त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. तो एक हात खिशात घालून एका पाइपला टेकून उभा होता आणि नखं खात होता.

शेवटी एकच फोटो उरला. नांदगावच्या एका किराणा दुकानवाल्या बाईंचा. त्या काही येऊ शकणार नव्हत्या. डॉक्टरबाईंनी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे दुकानातल्या बरण्या दिसल्या आणि बाईंचा त्रासलेला चेहरा.

"परत कोण? हो, मी जिवंत आहे! सकाळपासून तेच सांगतेय. गिऱ्हाईक उभं आहे, ठेवू का?"

"ठेवा, ठेवा," द्वारकाबाईच म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून हसल्या. हसता हसता त्यांना एकदम रडू कोसळलं. तिथेच मातीत बसल्या आणि कविताला ओढून मांडीशी घेतलं.

"तिन्हा भाऊ वाचाले पाहिजे, माले समजस," त्या म्हणाल्या. "मी काय दुश्मन शे का? पण ही मनी सून शे. लगीन व्हयनं तवापासून मन्हा संगे बोलस, मन्हा संगे जेवस. माले पोरगी नही. हिले काही व्हयनं तं मी कोना तोंड देखू?"

एवढा वेळ आम्ही सगळे समजत होतो, की सासू आहे, सुनेला अडवते आहे, घरच्या कामाला माणूस कमी पडेल म्हणून. निदान मी तरी तेच समजत होते. शेजारी हिराबाई उघड उघड डोळे पुसत होत्या.

कविता पहिल्यांदा बोलली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई, मला पण भीती वाटते. खूप वाटते. पण सागरला असं बघत बसायची जास्त वाटते."

द्वारकाबाईंनी डॉक्टरबाईंना जवळ बोलावून हळूच काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं. कविताला एक मुलगी होती. पुढे आणखी मूल होईल का, हा प्रश्न. डॉक्टरबाईंनी खाली बसून त्यांना समजावलं. होऊ शकतं, पण मध्ये पुरेसा काळ जाऊ द्यायचा, आणि तेव्हा तपासण्या जास्त कराव्या लागतील, लक्ष ठेवावं लागेल. काही धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही, हेही सांगितलं. द्वारकाबाई मान हलवत ऐकत होत्या. मग उठल्या. लुगड्याची माती झटकली.

"भूषण, गाडी काढ," त्या म्हणाल्या. "मुलाखतले उशीर व्हई."

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. भूषण धावतच गाडीकडे गेला. ओझरवाले गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले, मग लाजून थांबले. हिराबाईंनी द्वारकाबाईंच्या हातात पसाभर झेंडू दिला आणि सांगितलं, "ताजा हाय."

दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला. मुलाखत झाली. कविता आणि भूषण, दोघांनीही हो सांगितलं.

मग संध्याकाळच्या उद्घाटनाचा प्रश्न होता. मी ईशानला विचारलं, "बोल, रंगीत करू?" तो म्हणाला, "नको. पट्टीही नको." मी डोळे वटारले. तो म्हणाला, "खुर्च्या हव्यात. प्रत्येक फोटोखाली एक."

मंडपवाल्याला सांगून समई हलवली. फुलं उचलली. प्रत्येक फोटोखाली एक साधी प्लॅस्टिकची खुर्ची आणि तिच्यावर तो फोटोतला माणूस, फक्त नांदगावच्या बाईंची तेवढी रिकामी. सगळे रागावून आलेले, पण कोणीही परत गेलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडून एकच पाटी छापून घेतली, ती रस्त्याकडेला लावली: 'ही सगळी माणसं हयात आहेत. आत या, त्यांच्याशी बोला.' भगव्या-पिवळ्या रंगात. ईशानने ती बघून डोळे मिटून घेतले, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

लोक आले. खूप आले. अर्धे तर मेलेली माणसं जिवंत कशी झाली ते बघायला आले, हे मला माहीत आहे. येईनात का! हिराबाईंच्या खुर्चीपुढे रांग लागली. त्या प्रत्येकाला सांगत होत्या, की लय दुखतं, आणि तरी दिली. ट्रस्टच्या पेटीतही लोकांनी मनापासून टाकलं.

ऑपरेशनला मध्ये बरेच दिवस गेले. तपासण्या, कागदपत्रं, सागरला मध्येच ताप. मी डॉक्टरबाईंना विचारायची, त्या म्हणायच्या, होईल. ज्या दिवशी होतं, त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मशीनवर होता आणि त्याच्या नावातलं एक अक्षर खाल्लं गेलं तरी मला दिसलं नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना. मी हात करून मशीन बंद करायला लावलं.

"ताई, मी नामपूरनी द्वारका."

"बोला, बोला. काय झालं?"

पलीकडे नुसता श्वास. मी फोन कानाशी घट्ट धरला. मग ती बाई म्हणाली,

"दोन्ही जित्ता शेतस."

दोघंही जिवंत आहेत. बहीण पण, भाऊ पण. एवढं सांगून त्या रडायला लागल्या आणि मी कापडाच्या रोलवर बसून इकडे रडायला लागले. माझा डिझायनर घाबरून पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, आमच्या घरचं कोणी गेलं. मी त्याला तो नेत्याचा फ्लेक्स परत छापायला लावला.

धंद्यातला धडा म्हणाल, तर आता मी एक नियम केला आहे. कोणीही काळा-पांढरा फोटो घेऊन आला, की ऑर्डर घेण्याआधी मी सरळ विचारते, "माणूस हयात आहे ना?" काही गिऱ्हाइकं भडकतात. भडकू देत. हयात आहे म्हणाले, की मी म्हणते, मग फ्लेक्स लावाल तेव्हा त्यांनाही फोटोखाली उभं करा.